हत्तीच्या वाटेवर राहायला आलात तर

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात जमीन घेतली असेल, तिलारीजवळ होमस्टे बुक केला असेल, रबराच्या बागेत टॅपिंगला आला असाल किंवा बदली होऊन शाळेत रुजू झाला असाल, तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारील, "आज हत्ती खंय आसत?" (कुठे आहेत?) संध्याकाळी घरी कुठल्या पाणंदीनं जायचं, मांगरात (बागेतल्या खोपटात) झोपायचं की घरी, पहाटे काजू वेचायला कधी निघायचं, हे सगळं त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

हत्ती इथे २००२ च्या सुमारास कर्नाटकाच्या बाजूनं मांगेलीच्या डोंगरातून उतरले. त्यांना तिलारीच्या खोऱ्यात धरणाचं पाणी, डोंगरातला बांबू आणि पायथ्याला केळी-माड-पोफळीच्या बागा असं सगळं एका दमात मिळालं. काही पुढे कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात गेले. २०१५ साली तिथले तीन हत्ती कर्नाटकातून आणलेल्या प्रशिक्षित हत्तींच्या मदतीनं पकडण्यात आले. दोडामार्गातला वावर मात्र थांबलेला नाही. कळपापासून तुटलेला ओंकार नावाचा तरुण टस्कर (सुळेवाला नर) २०२५ च्या सप्टेंबरात गोव्यात पेडणे तालुक्यात शिरला आणि नंतर बांदा-सावंतवाडीकडे फिरला. म्हणजे "आमच्या गावात कधी आला नाही" हे वाक्य सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात कोणी फार ठामपणे बोलू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ऐन काजूच्या हंगामात, मोर्ल्यात हत्तीच्या हल्ल्यात एका शेतकऱ्याचा जीव गेला.

पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: हत्तीला निघून जायला वाट मोकळी हवी आणि तुम्हालाही. दोघांपैकी एकाची वाट बंद झाली की अपघात होतो. बंद करणारी बहुतेक वेळा माणसंच असतात.

पहिलं काम: रोजची खबर

आल्या दिवशी तीन नंबर फोनमध्ये घाला: तुमच्या बीटचा वनरक्षक, गावचा पोलीस पाटील आणि वनखात्याचा १९२६. हत्तीवर पाळत ठेवणारं वनखात्याचं पथक कुठल्या वाडीजवळ आहे हे वनरक्षकाला ठाऊक असतं. संध्याकाळी पाचच्या आसपास एक फोन करायची सवय लावा. केर, मोर्ले, हेवाळे, बांबर्डे, घाटिवडे या गावांत ही खबर व्हॉट्सॲपवरही फिरते. ती वाचा, पण नेमकी जागा आणि फोटो पुढे ढकलू नका. "हत्ती बागेत आलाय" असा मेसेज गेला की अर्ध्या तासात साटेली-भेडशीपासून मोटारसायकली येतात, आणि मग हत्तीच्या तिन्ही बाजूंना माणसं असतात.

खबर वाचताना एक गोष्ट धरून चाला. कळप आणि एकटा नर यांचं वागणं वेगळं असतं. कळप म्हणजे माद्या आणि पिल्लं, त्यांची म्होरकी एक वयस्क मादी. नर साधारण दहा-पंधरा वर्षांचा झाला की वेगळा होतो. कळप एका बाजूला दिसला म्हणून दुसऱ्या बाजूची वाट मोकळी आहे असं समजू नका. एखादा नर अर्ध्या किलोमीटरवर वेगळाच चरत असतो.

खुणा वाचायला शिका

हत्ती दिसायच्या आधी त्याच्या खुणा दिसतात. पुढच्या पायाचा ठसा गोल, मागच्याचा लांबट. ओल्या मातीत पुढच्या पायाचा नीट ठसा सापडला तर सुतळीनं त्याचा घेर मोजा आणि दुप्पट करा. खांद्यापर्यंतची उंची साधारण तेवढीच येते. घेर १.३५ मीटर भरला तर जनावर पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे पूर्ण वाढलेला नर. अर्ध्या मीटरचा घेर असेल तर पिल्लू आहे, आणि पिल्लू आहे म्हणजे आई जवळपास आहेच.

लीद बघा, पण हात लावायची गरज नाही. काठीनं फोडा. आतून वाफ येत असेल, हिरवट ओलसर चमक असेल, माशा नुकत्याच जमत असतील, तर हत्ती याच डोंगरात आहे, मागे फिरा. एप्रिलच्या उन्हात वरची कड काही तासांत वाळते, त्यामुळे वरून सुकी दिसणारी लीद शिळी असेलच असं नाही. हत्तीला खाल्लेल्यातलं निम्मंसुद्धा पचत नाही. म्हणून लिदीत बांबूचे धागे, गवत आणि फणसाच्या अख्ख्या आठळ्या दिसतात. आठळ्या दिसल्या की तो कोणाच्या तरी बागेत जाऊन आलाय, आणि तीच बाग त्याला आज रात्रीही आठवणार.

कान उघडे ठेवा. बांबू मोडल्याचा कडाका लांबवर जातो. अगदी जवळ असेल तर कानांची संथ फटफट आणि पोटातून आल्यासारखी घुरघुर ऐकू येते. झाडीत एवढं मोठं जनावर दहा पावलांवर उभं असूनही दिसत नाही, हे नव्या माणसाला पटत नाही. करड्या रंगाचं अंग सावलीत विरून जातं, आणि पायाखाली गादीसारखा मऊ तळवा असल्यामुळे चालण्याचा आवाजही होत नाही.

वेळ आणि वास

पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो. त्यामुळे तो बराच वेळ खाण्यातच असतो आणि उन्हाचे तास दाट सावलीत काढतो. बागेत उतरतो तो दिवेलागणीनंतर, परततो पहाटे. तुमच्या कामाच्या वेळा नेमक्या तिथेच आडव्या येतात. रबराचं टॅपिंग अंधारात सुरू होतं, कारण थंडाव्यात चीक जास्त वाहतो. काजू वेचणारेही उजाडायच्या आत निघतात. हत्ती शेजारच्या वाडीत असल्याची खबर असेल तर त्या दिवशी काम दीड तास उशिरा सुरू करा. चिकाचं थोडं नुकसान होईल, ते सोसा. बागेत शिरताना गुपचूप जाऊ नका. मोठ्यानं बोला, काठीनं गडग्यावर (बागेच्या दगडी कुंपणावर) ठोका, मगच आत जा. हत्तीला अचानक कोणी समोर आलेलं सर्वांत जास्त खटकतं. तुम्ही येताय हे आधी कळलं तर तो बहुधा स्वतःच बाजूला होतो.

फेब्रुवारी ते मे काजू, मार्च ते जून फणस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात, आणि केळ-माड बारमाही. हा क्रम डोक्यात ठेवा. घराजवळचा फणस झाडावर पिकू देऊ नका, कच्चाच उतरवा. बोंडूंचा (काजूच्या फळांचा) ढीग अंगणात आंबत ठेवू नका, कारण तो वास वाऱ्यावर लांब जातो. भात, मीठ आणि गूळ बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवायची सवय असेल तर मोडा. हत्तीला भिंतीपलीकडचा वास येतो आणि मातीची किंवा चिऱ्याची कच्ची भिंत तो कपाळानं ढकलतो. कणगी (धान्याची कोठी) आतल्या खोलीत घ्या आणि तुमचं अंथरूणही त्या भिंतीपासून दूर. हत्ती असताना मांगरात झोपू नका, यात काही सवलत नाही.

कुत्रा घेऊन बागेत जाणं ही आणखी एक चूक. कुत्रा हत्तीवर भुंकतो, हत्ती त्याच्या मागे लागतो आणि कुत्रा मालकाकडे पळत येतो. मागून हत्तीही येतो.

हत्तीचं मन कसं ओळखायचं

निवांत हत्तीचे कान सतत हलत असतात, शेपूट हलते, सोंड काही ना काही खात-हुंगत असते. हे सगळं एकदम थांबलं की त्याला तुमचा सुगावा लागलाय. मग सोंडेचं टोक तुमच्या दिशेनं वळतं. कान ताठ पसरून स्थिर होतात, डोकं वर जातं, शेपूट ताठ होते, कधी तो एक पाय झुलवत राहतो किंवा माती उडवतो. एवढं दिसलं तर तुम्ही आधीच फार जवळ आहात.

धमकीचा हल्ला बहुधा आवाजी असतो: कान पसरलेले, चीत्कार, दहा-पंधरा पावलं धावून थांबणं. खरा हल्ला पुष्कळदा मुका असतो, सोंड हनुवटीखाली गुंडाळलेली आणि कान मागे. हा फरक पुस्तकात चांगला वाटतो. प्रत्यक्षात दोन सेकंदांत तो ओळखत बसू नका. दोन्ही वेळी करायचं काम एकच आहे, ते पुढे सांगितलंय.

डोळा आणि कान यांच्यामधून गालावर काळपट ओला ओघळ दिसला आणि मागच्या पायांवर लघवी ठिबकत असेल, तर नर मदात आहे. मद साधारण वर्षातून एकदा येतो, आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत टिकतो. त्या काळात तो कळपाशी, वाहनांशी, कोणाशीही भिडतो. अशा नराच्या बाबतीत खाली दिलेली सगळी अंतरं दुप्पट समजा. आणि सुळे नाहीत म्हणजे मादी, असंही नाही. नरांमध्येही बिनसुळ्यांचे असतात, त्यांना मखना म्हणतात.

हे सगळं आधी सुरक्षित जागी पाहून घ्यायचं असेल तर हत्ती कॅम्पला जा. आपल्या राज्यातला शासकीय कॅम्प कमलापूरला, गडचिरोलीत आहे. कोकणातून तो फार लांब पडतो. कर्नाटकातलं शिवमोग्याजवळचं सक्रेबैलू किंवा कोडगूतलं दुबारे आपल्याला सोयीचं. तिथे माहुताच्या नजरेसमोर राहा, हत्तीच्या मागून जाऊ नका, सोंडेला हात लावू नका, खाऊ द्यायचाच असेल तर माहूत सांगेल तेवढाच आणि सांगेल तसाच. पाळलेला हत्ती आतून रानटीच असतो, फक्त माणसाची सवय झालेली असते. एकाच जागी साखळीत बांधलेला हत्ती सारखा डोलत असेल तर तो नाचत नाही. अशा डोलण्यामागे बंदिवासाचा ताण असतो. पाठीवरच्या सवारीचे पैसे वाचवा आणि तासभर लांब बसून नुसते कान, सोंड, शेपूट पाहा. परत आल्यावर तेच कामाला येतं.

पायी असताना समोरासमोर

मोकळ्या जागी शंभर मीटर हे किमान अंतर. बागेत तेवढं दिसतच नाही, म्हणून तिथे हत्ती असल्याची शंका आली की शिरूच नका. तरीही गाठ पडलीच तर क्रम असा.

थांबा. ओरडू नका, फोन काढू नका. सोबत कोणी असेल तर त्याचा हात धरून थांबवा, कारण घाबरून पळणारा एक माणूस सगळ्यांची वाट लावतो.

मग वारा बघा. चिमूटभर धूळ सोडा, नाहीतर गवताची पात बघा. वारा तुमच्याकडून हत्तीकडे जात असेल तर त्याला तुम्ही कळलेले आहात, त्याची नजर तुमच्यावर नसली तरीसुद्धा. हत्तीची नजर फार लांबची नसते. त्याचं सगळं काम वासावर आणि कानावर चालतं.

दुसरा हत्ती कुठे आहे ते शोधा. विशेषतः पिल्लू. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये तुम्ही उभे असाल तर बाकीच्या सूचना बाजूला ठेवा आणि सर्वांत आधी त्या मधल्या जागेतून बाहेर पडा, शक्य तितक्या आडव्या दिशेनं.

आल्या वाटेनंच मागे सरका, त्याच्याकडे तोंड करून, सावकाश. मध्ये एखादं जाड झाड येईल अशा बेतानं. आईन, किंजळ असलं मोठं खोड चालेल. माड-पोफळीचा भरवसा धरू नका, ती तो रोज मोडतो. काजूच्या झाडावर चढणं म्हणजे सोंडेच्या उंचीवर जाऊन बसणं.

तो धावून आलाच तर खांद्यावरची पिशवी, छत्री, घोंगडं, जे असेल ते बाजूला फेका. हत्ती काही वेळा त्या वस्तूवर थांबतो आणि तेवढे क्षण मिळतात. पळायचं ते सरळ वाटेनं नाही. हत्ती ताशी वीस-पंचवीस किलोमीटरनं सहज धावतो, आणि पाणंद त्याच्यासाठीही रस्ताच आहे. झाडांच्या आडून वळणं घेत पळा. हत्तीला उडी मारता येत नाही, म्हणून खोल चर किंवा उंच दरड मध्ये घालता आली तर घाला. गडगा ओलांडलात तर तिथे थांबू नका, रचलेले चिरे तो ढकलून देतो. उतारावर हत्तीला धावता येत नाही असं अनेक जण सांगतात, त्यावर विसंबू नका. घाटातून चढ-उतार करूनच तो इथवर आलाय.

गाडीत आणि दुचाकीवर

चंदगडहून तिलारी घाटानं उतरताना किंवा धरणाच्या बाजूच्या रस्त्यांवर रात्री गाठ पडते. चारचाकीत असाल तर किमान पन्नास मीटरवर थांबा, इंजिन चालू, दिवे डिपरवर, हॉर्न नाही. मागून येणाऱ्यांना हॅझार्ड लाइट लावून थांबवा. हत्ती रस्त्यावरच उभा राहिला तर रिव्हर्स घ्या. बाजूनं काढायचा प्रयत्न करू नका. कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचा गेला असं वाटल्यावरही दहा मिनिटं थांबा. मागे राहिलेला एखादा हमखास असतो, आणि तो घाईत असतो.

दुचाकीवर जास्त धोका आहे, कारण वळवायला वेळ लागतो. हत्ती दिसला की आधी गाडी उलट दिशेला वळवून घ्या आणि मगच बघा. इंजिन बंद करू नका. पोरं नेमकं उलटं करतात: गाडी स्टँडवर लावून पुढे चालत जातात, व्हिडिओ काढतात, आणि हत्ती वळला की किल्ली शोधतात.

रात्री बागेत उतरला तर

घरातच राहा, बाहेरचा दिवा चालू ठेवा, वनरक्षकाला फोन करा. दगड, पेटते बोळे, सुतळी बॉम्ब यांनी हत्ती पळतो तो तुमच्या घरून शेजाऱ्याच्या घरी. काही दिवसांनी पळायचाही बंद होतो, आणि मग माणसाचा आवाज आला की आवाजावरच येतो. हत्ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याला छळणं गुन्हा आहे. हाकायचं काम पथकाला करू द्या. त्यांचाही नियम हाच असतो की माणसं एका बाजूला आणि डोंगराची बाजू मोकळी. तुम्ही मदत म्हणून पलीकडून बॅटऱ्या मारल्यात तर ती बाजू बंद झाली.

मिरचीचा धूर काही प्रमाणात चालतो. तिखट सुकी मिरची कुटून ओल्या शेणात कालवायची, शेणी थापून वाळवायच्या आणि वाऱ्याची दिशा बघून बागेच्या कडेला धुमसत ठेवायच्या. ज्वाळा नको, धूर हवा. वारा फिरला तर तुमच्याच डोळ्यांत जातो. पावसाळ्यात याचा काही उपयोग नाही.

कुंपण करणार असाल तर सौर एनर्जायझरचंच, झटका ठोक्याठोक्यानं देणारं. घरातल्या लाइनवरून तारेत करंट सोडणं बेकायदा तर आहेच, त्यात हत्तीपेक्षा आधी माणूस किंवा गुरं मरतात. सौर कुंपण कोकणात बिघडतं ते ठरलेल्या कारणांनी. पावसाळ्यात गवत आणि वेली तारेला टेकतात, करंट जमिनीत उतरतो आणि तार नुसती शोभेची राहते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा कोयता फिरलाच पाहिजे. कड्याचा दगड वर असेल तर अर्थिंगचा रॉड पुरेसा खोल जात नाही. ओल राहणारी जागा शोधून तिथे दोन-तीन रॉड ठोका. आणि टस्कर सुळ्यानं तार तोडायला शिकतो, कारण सुळ्यातून झटका बसत नाही, किंवा झाड उपटून तारेवर पाडतो. म्हणून खांब तारेच्या आतल्या बाजूला घ्या आणि कुंपणाच्या बाहेर दोन-तीन मीटरचा पट्टा साफ ठेवा.

नुकसान झालं तर

सकाळी उजाडल्यावर पहिलं काम म्हणजे काहीही न उचलणं. मोडलेले कवाथे (अजून न फळलेली कोवळी झाडं), पाडलेला माड, तुडवलेलं भात आहे तसं राहू द्या. मोबाईलमध्ये लोकेशन आणि वेळ उमटेल असे फोटो काढा: एक लांबून, ज्यात बागेची ओळख पटेल, आणि एक जवळून, ज्यात ठसा किंवा लीद दिसेल. झाडं वयानुसार वेगळी मोजा. फळतं झाड आणि कवाथा यांची भरपाई सारखी नसते. "पन्नास पोफळी गेल्या" असं ढोबळ सांगितलं तर पंचनाम्यात कमीच धरलं जातं.

अर्ज तीन दिवसांच्या आत वनपालाकडे किंवा रेंज ऑफिसात द्या आणि पोच घ्या. सोबत सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाची प्रत. पंचनाम्याला वनखात्याबरोबर कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात. त्या वेळी स्वतः हजर राहा आणि आकडे वाचूनच सही करा. जखमी माणूस असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करा, खासगीत नेलं तरी.

नव्या माणसाचं घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. इथल्या जमिनी सामायिक, एका उताऱ्यावर वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही हयात नाहीत. बाग तुम्ही लावलीत, पण भरपाईसाठी बाकीच्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागितलं जातं. ते नुकसान झाल्यावर गोळा करायला बसलात तर मुदत कधीच निघून जाते. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. जमीन कसायला घेतली असेल तर मालकाशी तसं लेखी करून घ्या, आणि घेताना पीकपाहणीत तुमचं पीक लागलंय ना ते तलाठ्याकडे बघून या.